झरा नाही, झिरा : आमच्या नाल्याचं नाव बदलताना

आमच्या वस्तीला लागून वाहणाऱ्या नाल्याचं जुनं नाव मी या लेखात लिहिणार नाही. आमच्या जातीचं नाव आणि त्याला जोडून 'नाला', एवढंच ते होतं. गेल्या तीन वर्षांत प्रत्येक अर्जात 'पूर्वीचे नाव' या शब्दांपुढे ते मला माझ्या हातानं लिहावं लागलं. आता नको. तुमच्याही गावात असं एखादं नाव फलकावर असेल आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर माझी झालेली पायपीट तुमच्या कामी यावी म्हणून लिहिते आहे.

मी चित्रं काढते. वैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर जिल्ह्याच्या धानाच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे, पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, मधल्या दिवसांत अंगणवाड्यांच्या भिंती, यावर घर चालतं. नाल्याची चित्रं मात्र मी कुणी सांगितलं म्हणून काढली नाहीत. रंगही तिथलेच घेते. पिवळी माती रपट्याखालच्या, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाखालच्या, दरडीतली. काळा रंग हिरडा भिजवून त्यात गंजलेले खिळे टाकून करते. केशरी पळसफुलांचा. पळसाचा रंग तुरटी घातली तरी उन्हात उडतो, म्हणून तो लहान चित्रांतच वापरते आणि ती चित्रं भिंतीवर टांगत नाही. सगळ्याला बांधायला धावड्याचा डिंक. कहूची, म्हणजे अर्जुनाच्या झाडाची, साल सुटून आतलं पांढुरकं खोड दिसतं, ते रंगवायला मला चार हिवाळे लागले, आणि अजून मनासारखं जमलेलं नाही.

मे २०२२ मध्ये तालुक्याच्या गावी एका वाचनालयात यातली चौदा चित्रं मांडली. आदल्या संध्याकाळी तिथल्या भाऊंनी विचारलं, "ताई, चित्रांखाली जागेचं नाव टाकायचं ना?" मी म्हटलं, नुसतं 'नाला' लिहा. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुली आल्या. त्यातल्या आमच्याकडच्याच एका मुलीनं रपटा ओळखला आणि खूश होऊन मोठ्यानं नाव घेतलं. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. माझी सातवीतली भाची माझ्याजवळ उभी होती. ती चित्राकडे पाहत होती, ती खाली आपल्या चपलांकडे पाहायला लागली.

माझे आबाजी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला गेले होते. नागपूरनंतर दोन दिवसांनी बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली. आबाजी नागभीडपर्यंत पायी गेले आणि तिथून छोट्या रेल्वेनं. परत आले ते जात तिथे सोडून आले, असं ते आयुष्यभर सांगायचे. पुढे त्या चांद्याचंसुद्धा चंद्रपूर झालं. नाल्याचं नाव मात्र होतं तेच राहिलं.

जूनमध्ये ग्रामसेवकांना भेटले. ते म्हणाले, "काही शासन निर्णय असेल तर आणा, नुसतं तोंडी चालत नाही." शासन निर्णय होता. ११ डिसेंबर २०२० चा, सामाजिक न्याय विभागाचा, वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावं बदलण्याबद्दलचा. कॅफेतून छापून आणला, वीस रुपये गेले. रात्री दोनदा वाचला. वस्ती आहे, रस्ता आहे, नाला हा शब्द कुठेही नाही. त्या वेळी मला ते फार मोठं वाटलं नाही. वर्षभर त्याच एका शब्दावर अडणार आहोत हे ठाऊक नव्हतं.

कागदाच्या आधी वस्तीत बोलणं भाग होतं. विहारासमोरच्या ओट्यावर तीन संध्याकाळी बसलो, आणि मला वाटलं होतं तसं सगळे लगेच हो म्हणाले नाहीत. माझी मोठी माय, वय ऐंशीच्या पुढे, पहिल्याच दिवशी म्हणाली, "नाव बदलून काय गुंड भरते वो बाई? हातपंपाचं पाणी लाल येऊन रायलं, ते पाहा आधी." गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. ती बरोबरच बोलत होती. त्याच आठवड्यात हातपंपाचा वेगळा अर्ज दिला आणि नोव्हेंबरात त्याचे पाइप बदलले गेले. नागपुरात शिकणाऱ्या एका पुतण्याचं म्हणणं मात्र मला बरेच दिवस खात राहिलं. तो म्हणाला, "काकू, नाव पुसलं की आपल्यासोबत काय केलं त्याचा पुरावाच पुसला जाईल. राहू दे, लोकांना दिसू दे." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की ठरावात जुनं नाव कारणासकट नोंदवायचं. कार्यालयाच्या कागदावर ते राहील, पण पोरींना शाळेत जाताना रोज फलकावर वाचावं लागणार नाही. तुमच्याकडे असा प्रश्न आला तर घाईनं उडवून लावू नका. आमच्या ठरावाचा सगळ्यात चांगला परिच्छेद त्या पुतण्यानं लिहिला.

नवं नाव काय, यावर मी मनातून 'कहूनाला' ठरवून बसले होते. इतकी वर्षं ती झाडं रंगवलेली. पण विचारल्याशिवाय कसं लिहायचं? नाटकाच्या पडद्याचं एक जुनं कापड उरलं होतं, अठरा फूट लांब. त्यावर मी मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या सांडव्यापासून मोठ्या नदीपर्यंतचा सगळा नाला काढला. गावाचा घाट वर, आमची वस्ती खाली, मधे रपटा, दोन्ही काठांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, धुऱ्यावरची (बांधावरची) झाडं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२२ त्यात गेले. मग एका दुपारी ते कापड ओट्यावर पसरलं आणि बायांना म्हटलं, कुठल्या जागेला काय म्हणता ते बोट ठेवून सांगा.

तासाभरात एकवीस नावं निघाली. या नाल्याच्या काठी मी जन्मले, तरी त्यातली निम्मी मला माहीत नव्हती. खेकडे धरायची जागा वेगळी, गोधड्या धुवायची वेगळी, बाळंतिणीचे कपडे धुवायची आणखी वेगळी. मोठी माय शेवटपर्यंत गप्प होती. मग काठी टेकत उठली आणि रपट्याच्या खालच्या वळणावर बोट ठेवून म्हणाली, "हा उंबरझिरा." तिथे उंबराचं जुनं झाड आहे. गावाच्या विहिरीवर आमच्या लोकांना जाता येत नव्हतं तेव्हा उन्हाळ्यात कोरड्या पात्रात त्या उंबराखाली वाळू कोरून झिरा करायचे. पाणी कपाकपानं भरायचं. पहाटे तीनला नंबर लागायचा. तिची सासू आणि सासूची सासू त्या झिऱ्यावर गेलेल्या. "आमी बाया पुऱ्या नाल्यालेच उंबरझिरा म्हणत होतो," ती म्हणाली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. जुनं नाव गावानं ठेवलेलं होतं. बायांनी ते आपसात कधी वापरलंच नव्हतं. माझं कहूनाला मी तिथेच सोडून दिलं.

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत विषय आलाच नाही, आणि चूक माझी होती. अर्ज मी दोन दिवस आधी दिला. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि विषयसूची तेव्हाच ठरते. म्हणून अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्या, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

१ मेच्या सभेसाठी एप्रिलच्या सुरुवातीलाच अर्ज दिला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती पुष्कळ गावांत कागदावरच होते. आम्ही ती खरोखर भरवली. ३० एप्रिलला समाजमंदिरात अठरा फुटी कापड भिंतीला टांगलं, आणि वस्तीबाहेरच्या बायाही आल्या. त्यातल्या दोघींनी वरच्या घाटाची आणखी दोन नावं सांगितली. १ मेला मात्र ऊन, लग्नं आणि तेंदूपत्त्याचं काम, तिन्ही एकदम. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी ती लागते. आमचे बासष्ट भरले. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे आठ दिवसांनी मोजक्या माणसांतही ठराव होऊ शकला असता. आम्हाला तसा नको होता. उद्या कुणी म्हणालं असतं की दहा जणांनी नाव बदललं. आठ दिवस घरोघर फिरलो, पहाटे, तेंदूला जायच्या आधी. त्या दिवशी एकशे तेवीस सह्या आणि अंगठे झाले.

सभेत वाद झाला, पण तोल सुटला नाही. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "इतके वर्षं काही तरास झाला का कोणाले?" त्यावर मी बोलायच्या आधी माझी भाची उभी राहिली आणि वाचनालयातली गोष्ट तिनं चार वाक्यांत सांगितली. कुणी महापुरुषांचं नाव सुचवलं. वस्तीतूनच उत्तर आलं की ती नावं चौकाला, समाजमंदिराला आहेत, पाण्याला पाण्याचं राहू द्या. वस्तीसाठी समतानगर ठरलं. ठराव मंजूर झाला तेव्हा टाळ्या नाही वाजल्या. उकाड्यानं सगळे थकले होते आणि ज्याला त्याला घरी जायचं होतं.

ऑगस्टमध्ये कागद परत आला. शेरा होता : नाला हा विषय सदर शासन निर्णयाच्या कक्षेत येत नाही. वस्ती, रस्ता आणि नाला तिन्ही एकाच ठरावात होते, त्यामुळे नाल्यासोबत बाकीचे दोनही परत आले. त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी पुतण्याचा फोन आला, "काकू, तीन ठराव करा." १५ ऑगस्ट २०२३ ला तीन वेगळे ठराव, तीन वेगळे क्रमांक घेतले. रस्त्याच्या ठरावात रपट्यावरच्या फलकाचा स्पष्ट उल्लेख केला, कारण फलक रस्त्याचा भाग आहे. हे एक वाक्य पुढे फार कामाला आलं.

नाल्याचं काय करायचं ते विचारायला तहसीलला गेले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले ही शासनाची मालमत्ता, त्यामुळे ग्रामपंचायत म्हणते महसूलकडे जा. महसूलमध्ये सांगतात, आमच्याकडे गट क्रमांक असतो, नाव भूमी अभिलेखच्या नकाशावर आहे. तिथे म्हणतात, आम्ही मोजणी करतो, नावं ठेवत नाही. या तीन दारांमध्ये माझ्या सात फेऱ्या झाल्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं होतं, नाहीतर मी मधेच हात टेकले असते.

सातव्या फेरीत एका लिपिक ताईंनी पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "तुम्ही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहिलं का?" आमच्या भागात, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या जिल्ह्यांत, ही कागदपत्रं असतात. निस्तारपत्रकात गावाची चराई, लाकूडफाटा यांचे हक्क, वाजिब-उल-अर्जात पाणी, वाट, मासेमारी यांच्या रूढी. जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढली होती तेव्हा अभिलेख कक्ष पाहिलेला, पण हे नाव ऐकलं नव्हतं. अर्ज केला, तीन आठवड्यांनी नकला मिळाल्या. पिवळ्या पडलेल्या पानाच्या प्रतीवर सुंदर वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाला, आबादीच्या उत्तरेस'. एवढंच. जातीचं नाव नव्हतं. मी ते पान तिथेच उभी राहून पुन्हा पुन्हा वाचलं. नाव नंतर कधीतरी नकाशावर चढलं, तिथून फलकावर गेलं. म्हणजे आम्ही काही फार जुनं, मूळचं मोडायला निघालो नव्हतो. हे पान जोडल्यावर समोरच्या माणसांची बोलण्याची पट्टी बदलली. विदर्भात असं काम काढणार असाल तर हे कागद सगळ्यात आधी पाहा. मी सगळ्यात शेवटी पाहिले.

डिसेंबर २०२३ पर्यंत सगळं वर गेलं आणि मग काहीच कळेना. जानेवारी २०२४ मध्ये माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मी विचारलं फक्त एवढं : अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची टिपणी आणि पत्रव्यवहाराच्या प्रती द्या. 'का केलं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत. तीस दिवस गेले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीची तारीख यायच्या आत १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे १९ एप्रिललाच मतदान झालं, पण आचारसंहिता जूनपर्यंत होती. जूनच्या शेवटी चौतीस पानं मिळाली, पानाला दोन रुपये. त्यातून कळलं की फाइल एका टेबलावर 'नकाशाची प्रत जोडलेली नाही' म्हणून पाच महिने पडून होती. प्रत माझ्या घरी ट्रंकेत होती. कुणी एक फोन केला असता तर मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली असती.

प्रत दिली. पावसाळा गेला. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली. त्या काळात मी नाटकांचे पडदे रंगवत होते आणि खरं सांगायचं तर नाल्याकडे जातच नव्हते. चित्र काढायला बसलं की फाइल आठवायची.

जानेवारी २०२५ मध्ये पत्र आलं. वस्तीचं नाव आणि रस्त्याचं नाव मंजूर. नाल्याबद्दल असं, की ग्रामपंचायतीनं आपल्या अभिलेखात आणि फलकावर नवीन नाव वापरावं, आणि नकाशातल्या दुरुस्तीचा प्रस्ताव भूमी अभिलेखकडे पाठवला आहे. बसस्थानकावर बाकड्यावर बसून पत्र उघडलं आणि रडू आलं. दुसऱ्यांदा वाचताना दिसलं, 'उंबरझरा' टाइप केलंय.

सगळे म्हणाले, एका काना-मात्रेसाठी आता अडू नको, आहे ते घे. मीही तयार झाले होते. मोठ्या मायला वाचून दाखवलं तर ती खाटेवर उठून बसली. "झरा नाही वो, झिरा. झरा आपला आपण वाह्यते. झिरा आमी हातानं कोरला." पहिल्या दिवशी नाव बदलून गुंड भरते का विचारणारी हीच. मग पुन्हा अर्ज, सोबत ठरावाची प्रत, त्यातल्या 'झिरा' शब्दाखाली लाल रेघ. शुद्धिपत्रक मार्चच्या अखेरीस आलं, सात आठवड्यांनी. ठरावाची नक्कल घेताना नावाचं प्रत्येक अक्षर तपासा आणि अर्जात तो शब्द मोठ्या अक्षरात, एकट्या ओळीवर लिहा.

फलक मी रंगवला. ग्रामपंचायतीनं पत्रा आणि लोखंडी खांब दिले, रंगाचे अकराशे रुपये वर्गणीतून. त्यासाठी दुकानातला तेलरंगच वापरला, माझ्या मातीच्या रंगांना पहिल्याच पावसानं धुऊन नेलं असतं. अक्षरांच्या बाजूला एक उंबराची फांदी काढली, फळं खोडाला लागलेली. स्टॅम्प, नकला, झेरॉक्स, प्रवास मिळून माझा तीन वर्षांचा खर्च साडेचार हजारांच्या आसपास झाला. बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही. २०२५ च्या बुद्धपौर्णिमेला फलक लावला. नकाशावरची दुरुस्ती अजून बाकी आहे, तिची पोच माझ्याकडे आहे आणि दर दोन महिन्यांनी मी विचारायला जाते. गावात निम्मी माणसं अजून जुनंच नाव घेतात. २०२४ मध्ये तलाठ्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं, तरी आम्ही सगळे तलाठीच म्हणतो, तेव्हा तोंडाला वेळ लागणार हे मी धरून चालले आहे.

जुलैत मोठा पाऊस झाला आणि नाला बांध्यांमध्ये शिरला. आमच्या दोन बांध्यांतला धान गाळाखाली गेला, रोवणी होऊन आठवडा झाला होता. तलाठीसाहेब पंचनाम्याला आले. गुडघाभर चिखलात उभे राहून, मांडीवर फाइल ठेवून लिहीत होते. नुकसानीचं कारण लिहिताना थांबले आणि मला विचारलं, "ताई, झरा की झिरा?"

"झिरा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, 'उंबरझिरा नाल्यास आलेल्या पुरामुळे', आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे केला.